एका गाण्यापुरता पाहुणा

१

मराठी समीक्षाव्यवहारात ‘चाहता’ हा शब्द बहुधा शिवीसारखा वापरला जातो. आस्वादक विचार करतो, रसिक दाद देतो, अभ्यासक अर्थ लावतो आणि चाहता मात्र भांडतो, अशी ही श्रेणीव्यवस्था आहे. एखाद्या जुन्या नाटक मंडळीतून, तमाशाच्या फडातून किंवा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संचातून बाहेर पडलेला कलावंत अनेक वर्षांनी पाहुणा म्हणून परतला, की त्याला घ्यावे की नाही, घेतल्यास किती वेळ रंगमंचावर ठेवावे, आज त्याच्या जागी बसणाऱ्याने त्या वेळी काय करावे, यावरून चाहत्यांत जुंपते. समीक्षक या भांडणाकडे स्मितहास्याने पाहतो आणि ते आठवणींच्या, गौरवांकांच्या, दिवाळी अंकांच्या हवाली करून मोकळा होतो.

या स्मितहास्याच्या मुळाशी एक सिद्धान्त दडलेला आहे. कलाकृती म्हणजे एक बांधीव संहिता, तिला एक कर्ता, आणि कर्त्याखेरीज जे कोणी तिच्या आसपास वावरतात ते सारे सादरकर्ते किंवा साथीदार, हा तो सिद्धान्त. साथीदार बदलता येतो, संहिता बदलत नाही. म्हणून साथीदाराच्या जाण्या-येण्यावरचा वाद साहित्यबाह्य, कलाबाह्य ठरतो. मर्ढेकरांच्या लयतत्त्वापासून ते संरचनावादी मांडणीपर्यंत मराठी सौंदर्यविचाराने अनेक वळणे घेतली. परंतु हे गृहीतक प्रत्येक वळणावर सोबत राहिले. ‘लेखकाचा मृत्यू’ उत्साहाने साजरा करणाऱ्यांनीही साथीदाराच्या जन्माची नोंद कोठे केलेली आढळत नाही. चाहत्यांचे भांडण नेमके या गृहीतकावर घाव घालते. ते पोरकट असेल, कर्कश असेल. तरीही प्रयोगनिष्ठ कलेतील कर्तृत्वाचा प्रश्न आज ज्या थोड्या ठिकाणी गांभीर्याने लढवला जातो, त्यांपैकी ते एक आहे.

२

उदाहरण लंडनचे घ्यावे लागते, कारण तेथे हा वाद अत्यंत शुद्ध स्वरूपात घडला. ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक बँड १९६२ साली लंडनमध्ये उभा राहिला. मुंबईकरांनी तो ७ एप्रिल २००३ रोजी ब्रेबर्न स्टेडियमवर प्रत्यक्ष ऐकला आहे. या बँडचा संस्थापक गिटारवादक ब्रायन जोन्स १९६९च्या जूनमध्ये बाहेर पडला आणि ३ जुलैला मरण पावला. त्याच्या जागी आलेल्या वीस वर्षांच्या मिक टेलरने दोनच दिवसांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँडबरोबर पहिला जाहीर कार्यक्रम केला. १९७४च्या डिसेंबरात टेलरही बाहेर पडला. १९७५च्या दौऱ्यापासून ती जागा रॉनी वुड सांभाळत आला आहे.

बँडला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१२च्या नोव्हेंबरात लंडनच्या ओ-टू सभागृहात, टेलरला पाहुणा म्हणून बोलावण्यात आले. १९९०च्या दशकारंभी बँड सोडलेला बासवादक बिल वायमन हाही आला. वायमनच्या वाट्याला दोन गाणी आली, टेलरच्या वाट्याला एक. वायमनने पुढील अमेरिकी कार्यक्रमांना नकार दिला. टेलर मात्र २०१३च्या दौऱ्यातही पाहुणा म्हणून राहिला. काही रात्री त्याला आणखी एखादे गाणे मिळाले आणि शेवटच्या सामूहिक गाण्यात तो हाती साधी गिटार घेऊन उभा राहिला. पाच वर्षे ज्याने बँडचा सूर घडवला, त्याला एक गाणे. हे औदार्य की उपेक्षा, यावर जगभरच्या चाहत्यांत जो वाद पेटला, त्यात तीन पक्ष स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिला पक्ष पुनःस्थापनेचा. १९६९ ते १९७४ हाच बँडचा खरा काळ, टेलर हाच खरा गिटारवादक, त्याला पूर्ण मैफल द्यावी आणि वुडने बाजूला व्हावे, अशी त्याची मागणी. दुसरा पक्ष घरच्या शिस्तीचा. जो सोडून गेला तो गेला. साडेतीन दशकांहून अधिक काळ ज्याने संसार केला त्याचा मान पाहुण्यासाठी का कमी करावा, हा त्याचा सवाल. तिसरा पक्ष संशयवाद्यांचा. ओ-टूच्या वरच्या श्रेणीतील तिकिटे ३७५ पौंडांना विकली जात होती. पाहुणे हे केवळ त्या दराचे समर्थन, असे तो म्हणतो. मराठी समीक्षकाला या तिघांपैकी तिसरा पक्ष तात्काळ जवळचा वाटतो, कारण त्यात विचार न करताही विचारवंत दिसता येते.

परंतु वादाचा तपशील उलगडत गेला की त्याचे स्वरूप पालटते. टेलरला जे एक गाणे देण्यात आले ते ‘मिडनाइट रॅम्बलर’. हे गाणे १९६९च्या ‘लेट इट ब्लीड’ या ध्वनिमुद्रिकेतले. त्या मुद्रिकेवर टेलर केवळ दोन गाण्यांत वाजवतो आणि ‘मिडनाइट रॅम्बलर’ त्या दोहोंत नाही. तेथील गिटार कीथ रिचर्ड्सची आहे. ब्रायन जोन्स तेथे तालवाद्य वाजवतो. म्हणजे ज्या गाण्याच्या ‘मूळ’ मुद्रित रूपात टेलर मुळीच नाही, नेमके तेच गाणे टेलरचे म्हणून त्याला परत देण्यात आले, आणि चाहत्यांपैकी कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही! कारण १९६९च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुद्रित झालेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मैफलीत, तसेच त्यानंतरच्या तीन-चार वर्षांच्या प्रयोगांत, हे गाणे लांबत, थबकत, पुन्हा उसळत जे झाले ते टेलरच्या गिटारीसह झाले. चाहत्यांच्या लेखी ‘मूळ’ म्हणजे पहिली मुद्रित प्रत नव्हे, प्रयोगपरंपरेत घडून स्थिर झालेले रूप. मराठी नाट्यसमीक्षेत संहिता आणि प्रयोग यांच्या संबंधावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु प्रयोग संहितेच्या मागून येऊन तिच्या मूळपणावरच हक्क सांगू शकतो, ही गोष्ट या चाहत्यांनी जितक्या सहजपणे गृहीत धरली तितकी ती त्या लेखनात क्वचितच गृहीत धरली गेली आहे.

३

नेल्सन गुडमनने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात कलांची एक विभागणी केली. चित्रासारख्या काही कलांत कर्त्याचा हात हाच कृतीच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. हुबेहूब नक्कल ही तेथे बनावटच राहते. स्वरलेखात उतरवलेल्या संगीतासारख्या काही कलांत मात्र लेखाबरहुकूम केलेला प्रत्येक प्रयोग अस्सल असतो. वाजवणारा कोण, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. चाहत्यांचे पहिले दोन पक्ष या विभागणीच्या दोन टोकांना उभे आहेत. पुनःस्थापनावाद्यांना हात हवा आहे. घरच्या शिस्तीचे समर्थक म्हणतात की गाणे तेच आहे, ते कोणीही समर्थपणे वाजवावे. रॉक बँडची कला या विभागणीत कोठेच नीट बसत नाही, आणि वादाची धार या न बसण्यातून येते. हा वाद गुडमनचे नाव न घेता त्याच्या सिद्धान्ताची परीक्षा घेत आहे.

दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यातही निव्वळ निष्ठा नाही. टेलरची गिटार ही एकल रेषेची गिटार होती. सारा बँड खाली ठेका धरून असताना वर एक दीर्घ, वळणदार सुरावट चालत राहावी, अशी तिची रचना. वुड आल्यानंतर दोन गिटारी एकमेकींत गुंतू लागल्या. कोणती मुख्य आणि कोणती साथीची, हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये, अशी ही पद्धत. रिचर्ड्स स्वतः तिला ‘विणकाम’ म्हणतो. तेव्हा टेलर की वुड, हा प्रश्न दोन व्यक्तींमधल्या निवडीपुरता उरत नाही. एकल रेषेचे काव्यशास्त्र की विणकामाचे, असा तो प्रश्न आहे. ज्या वाचकांना कवितेतील केंद्रवर्ती प्रतिमा आणि विखुरलेला प्रतिमाबंध यांवरचे वाद परिचित आहेत, त्यांना ही निवड परकी वाटण्याचे कारण नाही.

वादाचा तिसरा पदर श्रेयाचा आहे. १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’मधील ‘स्वे’ या गाण्यात रिचर्ड्सची गिटार नाही. ती गायक मिक जॅगर आणि टेलर यांची आहे. ‘मूनलाइट माइल’ या गाण्याची जडणघडणही जॅगर आणि टेलर यांच्यात झाली. दोन्ही गाण्यांचे कर्तेपद मात्र ‘जॅगर-रिचर्ड्स’ या जोडनावाकडे आहे. टेलरचे नाव सहकर्ता म्हणून आले ते १९७२च्या ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ या एका गाण्यापुरते. काही गाण्यांचे श्रेय आपल्याला मिळायला हवे होते, ही तक्रार त्याने पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. मिशेल फूकोने १९६९च्या व्याख्यानात ‘लेखक’ ही व्यक्ती नसून मालकी, जबाबदारी आणि वर्गीकरण यांची व्यवस्था लावणारे एक कार्य आहे, असे प्रतिपादन केले. ‘जॅगर-रिचर्ड्स’ हे त्या कार्याचे पाठ्यपुस्तकात शोभावे असे उदाहरण होय. ज्याने वाद्याला हातही लावला नाही तो कर्ता, आणि ज्याने सुरावट घडवली तो नोकर. चार दशकांनंतर त्या नोकराला घरात एका गाण्यापुरते बोलावले जाते, तेव्हा चाहते ‘एकच का?’ असे विचारतात. फूकोच्या व्याख्यानाचे मराठीत सारांश करण्यापेक्षा या प्रश्नात फूको अधिक जिवंत आहे.

रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाला निरोप दिला आणि त्याच्या जागी वाचकाला बसवले. पण बार्थचा वाचक हा इतिहास नसलेला, चरित्र नसलेला, मानसशास्त्र नसलेला वाचक आहे. मराठीत वाचककेंद्री समीक्षा आली ती बव्हंशी या निराकार वाचकासह. चाहता हा त्याच्या नेमका उलट आहे. त्याला तारखा पाठ आहेत, कोणत्या रात्री कोणते गाणे किती लांबले हे तो सांगतो, आणि आपल्या समूहाच्या वाचनसंकेतांशी तो बांधलेला आहे. स्टॅन्ली फिशने १९८० साली ज्यांना अर्थनिर्णय करणारे समूह म्हटले, त्यांचे याहून ठसठशीत रूप शोधून सापडणार नाही. तरीही फिश विद्यापीठाच्या वर्गात शिकवला जातो आणि चाहता वर्गाच्या दारात अडवला जातो.

४

यावर ठरलेले उत्तर असे की हा प्रश्न पाश्चात्त्य करमणूक उद्योगाचा आहे. मराठी साहित्यविचाराने त्याची उठाठेव का करावी? हे उत्तर देणाऱ्यांनी ‘मानापमान’ एकवार पुन्हा उघडावे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ साली रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे यांच्या. उत्तरेकडील ठुमरी, दादरा, गझल यांचे वजन टेंब्यांनी मराठी रंगभूमीवर आणले आणि त्या वजनावर पदांचे शब्द बेतले गेले. ज्याला आज नाटककाराची पदरचना म्हणून शिकवले जाते, तिचे मात्राविभाग, तिचे आघात, तिच्या ओळींची लांबी-रुंदी यांवर पेटीवाल्याच्या बोटांचा ठसा आहे. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदांच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि ‘चाल’ यांची एक ओळ असते. संपूर्ण पदाचा कृतिबंध ज्याच्यावर उभा आहे ते सारे या ओळीत कोंबलेले असते, आणि समीक्षक डोळे नेमके त्या ओळीखालून सुरू करतो.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. थोड्याच वर्षांत टेंबे तेथून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. गंधर्व मंडळीने १९१६ साली आणलेल्या ‘स्वयंवर’चे संगीत भास्करबुवा बखल्यांचे होते. टेंबे गेले, ‘मानापमान’ मात्र गंधर्व मंडळीत राहिले आणि टेंब्यांच्या चालींवरच गाजत राहिले. माणूस बाहेर आणि त्याची बोटे आत, ही स्थिती १९७४ नंतरच्या टेलरची आणि १९१५च्या सुमाराच्या टेंब्यांची सारखीच आहे.

मराठी रंगभूमीवर पाहुणेपणाचा सर्वांत मोठा सोहळा झाला तोही याच नाटकात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. येथे परतणारा जुना सोबती नव्हता, प्रतिस्पर्धी मंडळीचा नायक पाहुणा म्हणून आला होता. हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु रसिकांची विभागणी तीच होती. गंधर्वपक्ष आणि केशवरावपक्ष, आणि दोहोंमध्ये ‘मानापमान’ खरे कोणाचे, हा प्रश्न. अवघ्या तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. त्यामुळे ती रात्र दंतकथा झाली. दंतकथेत दोन गळे उरले आहेत. ते दोन्ही गळे ज्याच्या चालींवर एकमेकांना भिडले, तो तिसरा माणूस नाट्येतिहासाच्या या रूढ कथेत मुख्य पात्र म्हणून कोठेच येत नाही.

पुढे दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराच्या पदांना स्वतःच्या वेगळ्या चाली दिल्या आणि बळवंत संगीत मंडळीच्या रंगमंचावरून त्या लोकप्रिय केल्या. शब्द तेच, नाटककार तोच, आणि तरी ऐकणारे दोन तट. एकाला टेंब्यांची चाल हवी, दुसऱ्याला दीनानाथांची. ‘मानापमान’ ही एक संहिता आहे असे मानणाऱ्यांनी या दोन तटांचे काय करायचे ते सांगावे. संहिता एकच असेल तर भांडण निरर्थक आहे. भांडण सार्थ असेल तर संहिता एकच नाही. सुबोध भावे दिग्दर्शित ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट १० जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा संगीतकार म्हणून शंकर-एहसान-लॉय यांचे नाव पुढे आले आणि चालींचे मूळपण पुन्हा चर्चेचा विषय व्हावे अशी परिस्थिती शतकानंतरही कायम असल्याचे दिसले. प्रश्न जुना झालेला नाही. त्याला उत्तर देणारी समीक्षा जन्माला यायची आहे.

५

लोकपरंपरेने मात्र हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवलेला आहे. होनाजी शिलारखाने कवने रचीत, बाळा करंजकर ती गात. परंपरेने दोघांना मिळून ‘होनाजी-बाळा’ हे एकच नाव दिले. साहित्येतिहासकारांनी या नावातून होनाजी वेगळा काढून शाहिरांच्या यादीत घातला आणि बाळाला तळटीप केले. तमाशाच्या फलकांवर दोन नावांमध्ये ‘सह’ हा शब्द लिहिण्याची रीत आहे. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर ही नावे अशीच एका फलकावर जोडली गेली. हा ‘सह’ लहान शब्द असला तरी त्यात कर्तृत्वाचा एक पूर्ण विचार आहे. कोणी कोणाच्या हाताखाली नाही आणि कोणी एकटाही नाही, असे तो सांगतो. विद्यापीठीय समीक्षेने इंग्रजीतून आलेल्या प्रत्येक संज्ञेसाठी मराठी प्रतिशब्द घडवले. फलकावर आयता असलेल्या या संज्ञेकडे तिचे लक्ष गेले नाही.

वस्त्रव्यवहारातही हेच दिसते. येवल्याच्या मागावर आज जे वस्त्र विणले जाते त्याचे नाव पैठणचे आहे. पैठणीच्या काठावरील मोर कोणत्या हाताने उठवला, हे नेसणारीला ठाऊक नसते. नाव एका गावाचे, हात दुसऱ्या गावाचे, आणि हातांना नाव नाही. वस्त्राच्या बाबतीत या स्थितीला अन्याय म्हणण्यास समीक्षक तयार असतो. कारण तेथे तो समाजशास्त्राची भाषा बोलतो. कलेच्या बाबतीत त्याच स्थितीला तो सौंदर्यशास्त्र म्हणतो.

६

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला बाजाराचा. पाहुण्याचे पुनरागमन हा स्मृतिरंजनाचा व्यापार आहे, हे खरे. पण त्याने काय सिद्ध होते? ‘संयुक्त मानापमान’चे उत्पन्न राष्ट्रीय फंडाला गेले, ओ-टूचे बँडला आणि आयोजकांना. हेतू भिन्न, पैशाची दिशा भिन्न. तरी दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यांनी उपस्थित केलेला प्रश्न एकच. व्यापाराने प्रसंग निर्माण केला म्हणून प्रसंगातून उठलेला प्रश्न व्यापारी ठरत नाही. तसे असते तर नियतकालिकांच्या वर्गणीवर जगलेल्या मराठी कथेलाही बाद करावे लागले असते.

दुसरा आक्षेप अतिव्याप्तीचा. साथीदार सहकर्ता असेल तर तंबोरेवाला, पडदे ओढणारा, तिकीट फाडणारा हे सारेच सहकर्ते ठरतील. हॉवर्ड बेकरने ‘आर्ट वर्ल्ड्‌स’ (१९८२) या ग्रंथात कलेला सामूहिक श्रमाचे फळ म्हटले तेव्हा त्याच्यावरही हा आक्षेप आला. येथे चाहत्यांच्या वादातूनच एक कसोटी हाती लागते. तिला वियोगाची कसोटी म्हणता येईल. ज्याच्या जाण्याने कृतीचे रूप बदलते आणि ज्याच्या येण्याने ते रूप पुन्हा ओळखू येते, तो सहकर्ता. टेलर गेल्यावर बँडने एकल रेषा सोडली आणि विणकाम स्वीकारले. तो येताच एका गाण्यापुरती ती रेषा परत आली. तंबोरा दुसऱ्याने छेडला तर राग बदलत नाही. चाल दुसऱ्याने दिली तर पद बदलते. कसोटी पुरेशी काटेकोर आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती कीर्तीवर, ज्येष्ठतेवर किंवा करारावर चालत नाही, कानावर चालते.

ही कसोटी चाहत्यांच्या पहिल्या दोन पक्षांनाही सोडत नाही. पुनःस्थापनावादी ज्या ‘खऱ्या’ बँडची मागणी करतात त्यात टेलर स्वतः बदली म्हणून आलेला होता; त्याच न्यायाने मागे गेले तर ब्रायन जोन्स आणि त्याच्याही पलीकडे पियानोवादक इयान स्टुअर्ट उभा आहे. संस्थापकांपैकी असूनही १९६३ साली व्यवस्थापकाने स्टुअर्टला अधिकृत संचातून काढले, कारण त्याचे रूप छायाचित्रात शोभत नव्हते. १९८५मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बँडचे सामान वाहत आणि पियानो वाजवत राहिला. मूळपण शोधत जाणाऱ्याला तळाशी असा एक छायाचित्राबाहेरचा साथीदारच सापडतो. घरच्या शिस्तीचा पक्ष वुडच्या सहवासाचा कालावधी मोजतो, पण सहवास म्हणजे कर्तृत्व नव्हे. वुडचे कर्तृत्व विणकामात आहे आणि तेथेच ते दाखवले पाहिजे. दोन्ही पक्षांना पाहुणा पाहुणा म्हणून सोसवत नाही. एकाला तो घरधनी हवा आहे, दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर. मराठी संसाराला या दोहोंमधली एक जागा चांगली ठाऊक आहे. माहेरवाशिणीला घरातील प्रत्येक डबा कोठे आहे ते माहीत असते आणि तरी डबा उघडण्यापूर्वी ती क्षणभर थांबते. त्या थांबण्यात तिचा हक्कही असतो आणि हक्काचे बदललेले रूपही. ओ-टूच्या रंगमंचावर एका गाण्यासाठी आलेल्या टेलरची जागा ती होती, आणि तिच्यातील तणाव हाच त्या रात्रीचा आशय होता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साहित्य ही लेखी कला आहे. प्रयोगकलेतील सहकर्तृत्वाचा विचार तिला कशासाठी लावायचा? उत्तर असे की मराठी साहित्याचा फार मोठा भाग लेखी कधी नव्हताच. अभंग टाळकऱ्यांसह उभा राहिला, पोवाडा झीलकऱ्यांसह, लावणी ढोलकीसह, संगीत नाटक पेटीसह. या सर्वांचे मुद्रण झाले तेव्हा साथ गळून पडली आणि एकेका नावाखाली शब्द उरले. मुद्रणाने केलेली ही छाटणी सिद्धान्त म्हणून स्वीकारणे, ही मराठी समीक्षेची मूळ चूक आहे. शब्दांच्या बाजूने पाहणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ज्याच्या कानात चाल आहे त्याला ती तत्काळ दिसते, आणि म्हणून तो भांडतो.

७

बँडच्या कथेला पुढे आणखी एक वळण मिळाले. ढोलवादक चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तला. २०२३च्या ऑक्टोबरात ‘हॅकनी डायमंड्‌स’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील एका गाण्यात वॉट्सने हयातीत वाजवून ठेवलेला ठेका आहे आणि त्या ठेक्याखाली बास वाजवायला वायमन पाहुणा म्हणून परतला. मृत सोबत्याच्या तालावर तीस वर्षांपूर्वी घर सोडलेला सोबती वाजवतो आहे, या घटनेला मराठी समीक्षेकडे आजही नाव नाही. ‘आठवण’ म्हणावे तर वाजवणे वर्तमानातले आहे. ‘प्रयोग’ म्हणावे तर दोघे एकत्र नव्हते. ‘संहिता’ म्हणावे तर ती लिहिलेलीच नाही. फलकावरचा ‘सह’ तेवढा येथे लागू पडतो.

समीक्षेने करावयाचे काम यातून स्पष्ट होते. संगीत नाटकांच्या चिकित्सक आवृत्त्यांत शब्दांचे पाठभेद जसे नोंदवले जातात तसे चालींचे पाठभेदही नोंदवले गेले पाहिजेत. टेंब्यांचे आणि दीनानाथांचे धैर्यधर हे दोन पाठ म्हणून शिकवले गेले पाहिजेत. जुने श्रोते, साथीदार आणि संग्राहक यांची भांडणे साधनसामग्री म्हणून वाचली गेली पाहिजेत, कारण कोणता बदल कोणाच्या जाण्याने झाला याची साक्ष बहुधा त्यांच्यापाशीच आहे. टेंब्यांनी स्वतः ‘माझा संगीत-व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ लिहून ठेवले. तेही रंजक आठवणींच्या कपाटातून काढून नाट्यरचनाशास्त्राच्या कपाटात ठेवावे लागेल.

तोपर्यंत एक लहान दुरुस्ती सहज करता येईल. ‘मानापमान’ची नवी आवृत्ती निघेल तेव्हा मुखपृष्ठावर खाडिलकरांच्या नावाखाली टेंब्यांचे नाव छापावे, आणि दोहोंच्या मध्ये तमाशाच्या फलकावरून उसना घेतलेला तो दोन अक्षरी शब्द.